कोण घ्यायला येणार?

१

मंगळवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी पाळणाघराच्या कार्यालयातला फोन वाजला, आणि सगळं तिथून सुरू झालं.

फोनवर टिल्लूची आई होती. ती दातांची डॉक्टर. बोलायचीसुद्धा दात उपटल्यासारखी, एका झटक्यात. "अहो, आज तुमचा मेल नाही आला. झोपलात की काय?"

टेबलाशी बसलेल्या तरुण बाईला तिथे सगळे मेलवाली म्हणत. तिचं कामच ते. पूर्वी एकदा एका पोराला न्यायला बाप आणि आजोबा दोघंही हजर झाले होते, आणि दुसऱ्या एका पोराला न्यायला कुणीच आलं नव्हतं. बापाला वाटलं आई नेईल, आईला वाटलं बाप नेईल, आणि पोर बसलं दिवेलागणीपर्यंत दाराकडे बघत. तेव्हा पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी कायदा केला. सगळ्या घरांच्या मेलची एक यादी. रोज दुपारी मेलवालीनं त्या यादीवर एकच ओळ पाठवायची: "मूल तयार आहे. कोण घ्यायला येणार?" ती एका दमात सगळ्या घरी जायची. घरून "येते" किंवा "येतो" एवढंच उत्तर यायचं. ते वर मेलवालीला दिसे आणि खाली मुलांच्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यावरही दिसे. मग खालच्या मावशी त्या मुलाचं तोंड धुवून, बूट घालून, त्याला बोळातल्या बाकावर नेऊन बसवायच्या. बाकासमोर बाहेरचं दार, दाराला दुधी काच. उत्तर आलं की मूल बाकावर आणि मूल बाकावर बसलं की आई दारात.

मेलवालीची स्वतःची लेक गोटी खालीच असे. वय अडीच. तिचं नाव यादीत नव्हतं. आई वरच्या मजल्यावर असताना मेल कुणाला पाठवायचा?

"डॉक्टरबाई, मेल गेलाय की," मेलवाली पडद्याकडे बघत म्हणाली. "तुमचं उत्तरही आलंय. येते म्हणून. टिल्लू केव्हाचा बाकावर बसलाय."

"मी? माझे दोन्ही हात सकाळपासून लोकांच्या तोंडात आहेत. मी कशानं लिहीन, नाकानं?"

दोघी हसल्या. मेलवाली जरा जास्तच हसली. ते उत्तर तिच्या डोळ्यांसमोर होतं. पत्ता डॉक्टरबाईंचाच होता, अक्षर न् अक्षर तेच.

२

डॉक्टरबाई आल्या तेव्हा मेलवाली मुद्दाम खाली गेली. बोळ अरुंद, भिंतींना अर्ध्या उंचीपर्यंत निळा रंग, वर पांढरा. फिनेलचा आणि ओल्या मोज्यांचा वास. टिल्लू बाकावर बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून. एरवी हे पोर म्हणजे पायाला भिंगरी. बाकावर बसवलं तर बाक डोक्यावर घेऊन पळेल असं.

"चला साहेब," डॉक्टरबाई म्हणाल्या.

टिल्लू उठला नाही. "आई येणारे," तो म्हणाला.

"आणि मी कोण? पोस्टमन?"

त्यानं वर पाहिलं. बसमध्ये शेजारी कुणी अनोळखी येऊन बसलं की माणूस जसं पाहतं आणि जरा सरकून घेतं, तसा तो सरकला. "आई आत्ता आली होती," तो म्हणाला. "काचेतून बघून गेली."

"रुसलाय," डॉक्टरबाई मेलवालीला म्हणाल्या. "सकाळी गाडी हवी होती, दिली नाही. बापावर गेलाय, रुसला की आठवडा काढतो." आणि त्याला काखेत मारून निघाल्या.

मेलवालीनं वर जाऊन खिडकीतून त्यांना फाटकापर्यंत जाताना पाहिलं. टिल्लू आता चालत होता. आईच्या हातात हात होता, पण अंग लांब ठेवून. फाटकाशी थांबून त्यानं मागे वळून हात हलवला. मेलवालीनंही हलवला. मग तिच्या लक्षात आलं, तो वर बघतच नव्हता. तो बोळाच्या दाराकडे बघून हात हलवत होता.

तिच्या मनात पाल चुकचुकली. पण पाल काय, कुठेही चुकचुकते. तिनं कॉम्प्युटर बंद केला, गोटीला कडेवर घेतलं, आणि घरी जाईपर्यंत वाटेत तिचे गाल इतके चेपले की गोटी ओरडली, "आई, पुरे!"

३

दुसऱ्या दिवशी जुळ्यांच्या आईचा फोन. ती घरी शिवणकाम करायची. तिलाही मेल नाही. आणि तिचंही उत्तर आलेलं.

मग मेलवालीनं मशीनवाल्याला फोन लावला. पाळणाघराचे कॉम्प्युटर तोच बघायचा, पण फोनवरूनच. त्याला प्रत्यक्ष कुणी पाहिलं नव्हतं. मोठ्या बाई म्हणायच्या, लग्नाआधी मुलगा दाखवतात तसा एकदा तरी दाखवा हो तो मशीनवाला.

"ताई, आधी सोपं बघू," मशीनवाला म्हणाला. "त्यांच्या स्पॅममध्ये गेलाय का?"

"बघितलं. नाही."

"मेलची पेटी भरली असेल. बायका जुने फोटो काढून टाकत नाहीत."

"रिकामी आहे, दादा. आणि टोमणे नंतर मारा."

"बरं. पत्ता चुकलाय?"

पत्ता तिनं बोट ठेवून वाचला होता. चुकला नव्हता. मग त्यानं सांगितलं तसं तिनं यादी अर्धी केली आणि एका अर्ध्याला चाचणीचा मेल पाठवला, मग दुसऱ्या अर्ध्याला. मग अर्ध्याचं अर्धं. ज्यांना मिळेल त्यांनी "मिळाला" असं कळवायचं. जिला मिळत नव्हता तिचं "मिळाला" सगळ्यांत आधी येत होतं. मेलवाली लगेच फोन करून विचारी, आणि पलीकडून उत्तर येई, "नाही गं, कुठे काय?"

मशीनवाल्यानं पलीकडे काहीतरी तपासायला घेतलं. त्याची बोटं चालल्याचा आवाज येत होता.

"ताई, इथून सगळं बरोबर दिसतंय. मेल पोचलाय. उघडलाय. वाचलाय."

"कुणी?"

"आता असं समजा. पोस्टमन बरोबर घरी गेला. घर बरोबर. कडी वाजवली. दार दुसऱ्याच कुणीतरी उघडलं." तो हसला, मग हसायचा थांबला. "अजून एक गंमत. डॉक्टरबाईंचं ते उत्तर. ते तुमच्या मेलच्या आधीचं आहे."

"आधीचं म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही विचारायच्या आधी 'येते' म्हटलंय. घड्याळ चुकलं असेल कुठलंतरी. यंत्र आहे शेवटी."

हो, यंत्र आहे. मेलवालीनं ते वाक्य पदरात बांधून घेतलं. घरी गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझं डोकं म्हणजे किटली. खाली विस्तव नसला तरी उकळत बसते." तिला ते खोटं वाटलं नाही. गोटी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी ती. अंघोळीचं पाणी तीनदा तपासणारी. तिची सासू म्हणायची, हिची काळजी जर विकता आली असती तर आपण बंगला बांधला असता.

पण आता काळजी तिची एकटीची नव्हती. आता बाकीच्या आया फोन करत होत्या. आणि त्या मेलचं विचारत नव्हत्या. जुळ्यांच्या आईनं विचारलं, "खालच्या मावशी मुलांना काही शिकवतात का हो? दोघंही मला अहो-जाहो करायला लागलीत."

४

मावशी धुतलेली दुपटी घडी करत होत्या. मोठी लाल टोपली, खोलीभर पसरलेली मऊ वाफ.

"मला विचारशील तर तो बाकच जाळ," त्या म्हणाल्या.

"का हो मावशी?"

"पोरं रडत नाहीत तिथे. एवढी वर्षं पोरं सांभाळली मी. आई यायच्या वेळेला पोर किरकिरतं, चप्पल फेकतं, शू करतं. कसं रडावं हे पोराला शिकवावं लागत नाही. ही बसतात गुमान. काचेकडे बघत."

"काचेत काय असतं?"

मावशींनी दुपट्याची घडी मोडून पुन्हा घातली. "असतं कुणीतरी बाहेर. आई असेल कुणाची, म्हणून मी विचारलं नाही."

"उभी असते?"

"तेच तर गं. उभी नसते. बसते. पोराएवढं होऊन बसते, काचेला लागून. माणूस पोराशी बोलायला बसतं की नाही खाली, तशी. मी दार उघडलं की कुणी नसतं. पायरी रिकामी." त्यांनी टोपली उचलली. "आता माझ्या तोंडून काही काढू नकोस. मला इथे नोकरी करायची आहे."

मेलवाली त्या दिवशी मोठ्या बाईंकडे गेली. म्हणाली, यादी बंद करू या, फोनच करत जाऊ. मोठ्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सगळ्या घरांना फोन? तोवर पोरांची लग्नं होतील. मेल पोचत नसेल तर पोचता कर. त्यासाठीच बसवलंय ना तुला खुर्चीवर?"

५

युक्ती मशीनवाल्यानंच सांगितली, आणि तिलाही ती पटली. तिथेच ती चुकली.

"ताई, तुमचा स्वतःचा पत्ता यादीत घाला. पाठवणारी तुम्ही, घेणारीही तुम्ही. दोन्ही टोकं तुमच्या हातात. मेल कुठे गळतो ते तुम्हालाच दिसेल."

यादीत पत्ता घालायचा तर शेजारी मुलाचं नाव लिहावं लागे. त्याशिवाय यंत्र पुढे सरकत नसे. तिनं गोटीचं नाव लिहिलं. कामाची बाब होती, चाचणीपुरती. मेल पाठवला आणि फोन समोर ठेवून ती बसली.

खिडकीबाहेर ऊन होतं. खालून मुलांचा गलका येत होता. पंखा एका फेरीत एकदा कुरकुरत होता. फोनवर काही आलं नाही. तिनं पेटी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. रिकामी.

मग समोरच्या मोठ्या पडद्यावर एक ओळ उगवली. तिच्या पत्त्यावरून.

"येते."

तिनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवलेले होते. ते तिनं पाहिले. हात तिचेच होते, आणि त्यांनी काही लिहिलं नव्हतं. घड्याळ, ती मनाशी म्हणाली. यंत्र. कुठेतरी तार चिकटली असेल. आणि मग ती ताडकन उठली. कारण खालचा गलका थांबला होता, आणि खालीही पडदा होता, आणि मावशी कायदा पाळणाऱ्या बाई होत्या.

जिन्यावर तिच्या चपला निघाल्या. वळणावर कठड्याला कोपर आपटलं. बोळात आली तेव्हा बाक रिकामा होता.

गोटी दाराशी होती. बूट घातलेले, तोंड धुतलेलं, केस ओले करून बसवलेले. काचेकडे तोंड करून तिनं दोन्ही हात वर केले होते, मला घे म्हणतात तसे.

काचेपलीकडे कुणी खाली बसलं होतं. दुधी काच, त्यामुळे कडा विरघळलेल्या. पण पिवळा स्वेटर दिसत होता, आणि खांद्यावर आलेले मोकळे केस. मेलवालीनं स्वतःकडे पाहिलं. पिवळा स्वेटर. तिला हायसं वाटलं, एका श्वासापुरतं. माझीच पडछाया, वेडी मी.

पण ती उभी होती. आणि काचेतली बसलेली होती. ती धापा टाकत होती, आणि काचेतली अजिबात हलत नव्हती. मग काचेतलीनं एक तळवा काचेला लावला, गोटीच्या तळव्यासमोर. काच त्या जागी ढगाळली, आतल्या बाजूनं.

मेलवालीनं झडप घालून गोटीला उचललं आणि पाठ फिरवली. ती मागे वळली नाही. कडी हलल्याचा आवाज आला, अगदी हळू. दार ओळखीच्या घराचं असावं तसा.

गोटी किंचाळत होती. आईपासून कुणी ओढून नेलं की मूल जसं किंचाळतं, तशी.

६

त्यानंतर पाळणाघरानं यादी बंद केली. मेलवालीनंच एकेक पत्ता पुसला, स्वतःचा सगळ्यांत आधी. या वेळी मोठ्या बाईंनी अडवलं नाही. त्यांनीही बोळातून जाताना काचेवर कागद चिकटवून घेतला होता. मशीनवाला म्हणाला, "यादी रिकामी झाली ताई. आता कुठेच काही जाणार नाही." तिनं नोकरी सोडली आणि गोटीला घरी ठेवलं.

गोटी खात होती, झोपत होती. अंगावर वळ नाही, ताप नाही. डॉक्टर म्हणाले, मूल उत्तम आहे. पण सकाळी उठली की ती बूट मागे, आणि बूट घालून दाराकडे तोंड करून बसे. हात मांडीवर. रडत नसे. अंगणात पडली, गुडघा फुटला, तरी रडली नाही. मेलवालीनं फुंकर घालून औषध लावलं. गोटीनं शहाण्या मुलीसारखं लावून घेतलं आणि विचारलं,

"काकू, आई कधी येणार?"

नवरा दारात उभा होता. किटलीचं वगैरे काही तो आता बोलत नसे. तो आत निघून गेला, आणि नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं.

मेलवालीनं सगळं करून पाहिलं. जुनी गाणी म्हटली, गाल चेपले. "पुरे" असं ओरडेल म्हणून वाट पाहिली. गोटी ते सगळं थांबायची वाट बघत राहिली, पाहुण्यांनी लाड केले की मुलं बघतात तशी. एकदा तिनं गोटीला उराशी घट्ट धरलं, आणि तिला पहिल्यांदा वाटलं, हे वजन वेगळं आहे. थोडंसंच. पोर वाढतं आहे, तिनं स्वतःला सांगितलं. वाढत्या पोराचं वजन बदलणारच.

७

एके दुपारी गोटी तिच्या मांडीवर बसली होती. चित्रांचं पुस्तक चाललं होतं. गाय, घोडा, बदक. तेव्हा फोन थरथरला.

मेल होता. इतक्या दिवसांत यादीवरून तिला कधीच आला नव्हता तो. यादीत आता एकही पत्ता नव्हता, पाठवायला खुर्चीवर कुणी नव्हतं. शब्द तिचेच, रोज पाठवलेले. फक्त पुढे एक ओळ जास्त होती.

"मूल तयार आहे. कोण घ्यायला येणार? गोटी बाकावर बसली आहे. आई म्हणून रडते आहे."

मांडीवरची गोटी पुस्तकातल्या बदकावर बोट ठेवून गप्प बसली होती.

मेलवालीनं लिहिलं: "येते." पाठवलं. लगेच परत आलं. या पत्त्यावरची व्यक्ती आमच्या माहितीत नाही, निरोप परत करत आहोत. तिनं पुन्हा पाठवलं. पुन्हा परत. मग तिनं मांडीवरचं मूल सासूकडे दिलं. मूल असंच म्हणाली ती मनात, नाव घेतलं नाही. आणि पायात काही न घालता पाळणाघराकडे धावली.

सुट्टीचा दिवस होता. झाडलोट करायला आलेल्या मावशींनी दार उघडून दिलं आणि काही न विचारता बाजूला झाल्या. बोळ. निळ्या भिंती. काचेवरचा कागद गळून पडलेला. बाक रिकामा होता. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि फळीला हात लावला. सगळा बाक गार होता, आणि एका टोकाला, लहान मुलाच्या बैठकीएवढीच जागा, गरम होती. तिनं तिथे गाल टेकवला.

"गोटे, मी आले," ती म्हणाली. "बाळा, मी इथेच आहे."

हातातला फोन थरथरला.

"अजून कुणी आलेलं नाही."

आता रोज दुपारी मेल येतो. मूल अजून बाकावर आहे. मूल दाराकडे बघतं आहे. काल आला तो असा: "दारात कुणीतरी आलं आहे. आई म्हणते आहे स्वतःला. मुलाला पाठवायचं का?" मेलवालीनं "नाही" लिहिलं, "थांबा" लिहिलं, नुसतं गोटीचं नाव लिहिलं. सगळं परत आलं. नवऱ्याच्या फोनवरून पाठवलं, मावशींच्या फोनवरून पाठवलं. तेही परत. ज्यांना तिची गोष्ट अशी जवळून माहीत आहे त्यांचे निरोप आता पोचत नाहीत. पण लांबच्या कुणाचा कदाचित पोचेल.

म्हणून हे सांगणं. हे लिहून कुठे पाठवू नका, लिहिलेलं वाटेत दुसरंच कुणी वाचतं; तोंडानं सांगा. शेजारणीला सांगा, शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बायांना सांगा, त्या पुढे सांगतील. आणि तुमच्यापैकी कुणाला कधी तो मेल आला, बाकावर कुणी अडीच वर्षांची रडणारी मुलगी आहे असं कळलं, तर तिच्या आईच्या वतीनं एवढं कळवा: गोटे, उठू नकोस. पिवळ्या स्वेटरवाली आली तरी जाऊ नकोस. आई निघाली आहे.